रथवाल्यांनी ओढलेलं घर

आमचं घर म्हणजे एक बोट आहे असं सांगितलं की बीदरची माणसं आधी हसतात आणि मग आवाज उतरवून विचारतात, "बाकी सगळं बरं हाय ना?" त्यांचंही बरोबर आहे. आमच्या भागात बोट ही पुस्तकात बघायची वस्तू. पण कारंजाच्या धरणाचं पाणी कमठाण्याकडे आमच्या शेताच्या बांधाला लागतं. पर्यटकांना फिरवून फिरवून मोडीत निघालेली एक बोट मी विकत घेतली, तिच्यावर पत्र्याची खोली बांधली, नोकरीला रामराम ठोकला आणि बायकोला घेऊन तिथं राहायला गेलो.

बायको गुलबर्ग्याची. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही. तिनं एकच अट घातली होती. "खाली पाणी असंल तवर मी ऱ्हाते. पाणी गेलं की ती बोट न्हाई, रानातलं शेड. शेडात म्हशी ऱ्हातात."

यंदाच्या उन्हाळ्यात पाणी गेलं. एका सकाळी माझा चहाचा कप टेबलावरून चालत चालत तिच्या मांडीवर गेला. बोट चिखलात एका कुशीवर टेकली होती. तिनं खिडकीतून पाहिलं, तर बाहेर खरोखरच एक म्हैस उभी होती. तिनं साडी झटकली, भावाला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाली, "रविवारी जीप घेऊन ये. माझं सामान न्यायचंय." मी तिला पुरता ओळखतो. ती एकदा गुलबर्ग्याला गेली असती तर तिला परत आणायला मला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा लागला असता.

म्हणजे रविवारपर्यंत बोट खोल पाण्यात जायला हवी होती. मी मासे धरणाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पाण्यात असंल तर आमचं काम. चिखलात हाय तवर तुमचं." क्रेनवाला आला, चिखलात काठी खुपसून बघितली आणि म्हणाला, "माझी क्रेन रुतली तर ती काढायला कुणाला बोलवू?" आणि चहा पिऊन गेला.

शेवटी मला जत्रेतला रथ आठवला. दोन मजली घराएवढा लाकडी रथ नुसत्या दोरावर ओढायचा, वळणावर चाकाखाली पाचर सारून वळवायचा. हे करणारी मंडळी हळ्ळीखेडला होती. त्यांचा म्होरक्या मोठ्या मिशांचा, मोठ्या पोटाचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारली.

"रथासारखंच ओढायचं का?"

"अगदी रथासारखं," मी म्हणालो. "काही कमी करू नका." हे वाक्य मी मोठ्या रुबाबात म्हणालो होतो.

रविवारी सकाळी ते आले. ओंडके आले, दोर आले, आणि मी न सांगता हलगीही आली. मी म्हणालो, वाजंत्री कशाला? अण्णा म्हणाला, "हलगीबिगर पाय उचलत न्हाईत." मग त्यानं आत डोकावून बायकोला सांगितलं, "अक्का, तुम्ही मधोमध बसा. रिकामा रथ आम्ही ओढत न्हाई."

"मी देव हाय व्हय?"

"आज हाव."

जीपची वाट बघत ती तशीही पदर खोचून बसलीच होती. ती तिथंच बसून राहिली. हलगी वाजली, दोर ताणले गेले आणि माझं घर कुरकुरत सरळ झालं. आजूबाजूच्या रानातली माणसं काम टाकून आली. रथ म्हटल्यावर केळी आणि खारका फेकायच्या, ही हाताची सवय. कुणीतरी पहिलं केळं फेकलं, ते खिडकीतून आत गेलं. मग धरबंधच राहिला नाही. बायको आतून केळी परत फेकू लागली, आणि लोक तो प्रसाद म्हणून झेलू लागले.

एवढ्यात मेहुण्याची जीप आली. तो बहिणीला न्यायला आला होता. त्यानं गर्दी पाहिली, चपला काढल्या आणि काही न विचारता दोराला हात घातला.

दुपार कलायच्या आत बोटीचं नाक पाण्यात शिरलं. मागची बाजू अजून चिखलात होती. अण्णानं हात वर केला. हलगी थांबली, नारळ फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. आणि मग त्यांनी दोर सोडून मागच्या बाजूला बांधायला घेतले.

"हे काय करायलाव?" मी विचारलं.

"परत न्यायलोत की."

"कुठं?"

"जिथनं काढला तिथं. रथ गेला की त्याच दिवशी जाग्यावर परत आणायचा असतोय. निम्म्यात सोडला तर गावाला बरं नसतंय."

"अण्णा, मला तो इथंच पाहिजे."

"तुम्हीच म्हणलाव ना, कायबी कमी करू नका?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. तो मागचा दोर धरून तयारीत उभा होता. म्हणाला, "त्यांचं बरोबर हाय, भावजी."

हलगी पुन्हा सुरू झाली. दोर ताणले गेले आणि बोटीचं नाक पाण्यातून निघून वीतभर मागं आलं. मी ओरडत होतो, पण हलगीपुढं माझं कोण ऐकणार? आता माझं घर वाजतगाजत म्हशीकडे निघालं होतं, आणि तिथून बायको गुलबर्ग्याला.

तेवढ्यात खिडकी उघडली आणि बायकोनं कन्नडमधून असा काही आवाज दिला की हलगीवाल्याची काठी हवेतच राहिली. मग ती मराठीत बोलली, बहुधा मलाही कळावं म्हणून.

"अण्णा, कामून मागं ओढायलाव?"

"जाग्यावर न्यायलोत, अक्का."

"जागा कुठली हो ह्याची? चिखलातली? पाणी आटलं म्हणून हे तिथं अडकून पडलं होतं." तिनं पाण्याकडे बोट दाखवलं. "आमचं घर तिथं हाय. आता कुठं परत यायलोत आम्ही." हेच तिनं मागच्या लोकांना कन्नडमध्येही सांगितलं.

अण्णानं मिशीवरून हात फिरवला. मागच्या लोकांशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलणं झालं. मग तो म्हणाला, "रथात बसलेली म्हणायलीय, तर ते खरंच असंल." दोर पुन्हा पुढं बांधले गेले. मेहुणा मुकाट्यानं पुढं आला.

या खेपेला बोट थांबलीच नाही. सरकत, डुलत खोल पाण्यात गेली आणि आपोआप तरंगली. मी काठाजवळ गुडघाभर पाण्यात उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. ती आमचं घर म्हणाली होती. भर माणसांत, दोन्ही भाषांत.

"असं उभं कामून ऱ्हायलाव?" ती वरून म्हणाली. "वर या की. चहा टाकायलेय."

मी पोहायला शिकलेलो नाही, हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.