मागच्या रांगेतली खोकी

टिकताईंना हे नाव पडलं ऑडिटच्या ऑफिसात. एकोणीस वर्षं त्या आकड्यांपुढे लाल पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत होत्या. बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून त्यांनी अकाउंटिंग आणि फायनान्समधल्या संशोधनाच्या मास्टर्सला नाव घातलं, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षांचा अभ्यास तिसऱ्या वर्षात गेला, तशी त्यांनी विचारपूसही सोडून दिली.

विषय ताईंचाच होता. एकाच कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षं तपासणारा ऑडिटर पुढे पुढे ढिला पडतो का? त्यापायी एकशे ऐंशी कंपन्यांचे अहवाल वाचता वाचता नाकी नऊ आले. चष्म्याचा नंबर वाढला, मानेला पट्टा लागला. आता तर जिना चढायचाही कंटाळा येई.

शेवटी घोडं अडलं ते एकशे एकेचाळीस नंबरच्या कंपनीपाशी. तिचे आकडे बाकीच्यांपासून इतके फटकून, की सगळा निष्कर्षच डळमळला. मार्गदर्शक सर ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावाने गरीब. त्यांनी समजावलं की अशी एखादी कंपनी वगळायची रीत आहे. वगळा, शुक्रवारी प्रबंध जमा करा आणि मोकळ्या व्हा. ठेवलीत तर सगळं गणित नव्याने मांडावं लागेल, म्हणजे आणखी सहा महिने. मोकळ्या व्हा, एवढ्यानेच ताईंना भरून आलं.

पण ती कंपनी ओळखीची होती. तिथला माल मोजायला त्या अकरा वर्षं जात. गोदामवाले काका खुर्ची पुसून देत, मुलीच्या परीक्षेची चौकशी करत. अकराव्या वर्षी ताईंचा गुडघा ठणकत होता. काका म्हणाले, मागच्या रांगा गेल्या वर्षीसारख्याच आहेत. ताईंनी शिडीला हात न लावता खूण केली. चार महिन्यांत कंपनी बुडाली. मागची खोकी रिकामी निघाली आणि तीनशे माणसं घरी बसली. सही मोठ्या साहेबांची, त्यामुळे ताईंना कुणी काही विचारलंच नाही. तेच त्यांना सोसेना. नोकरी त्यापायी सोडली, हे घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस त्यांनी ती कंपनी तक्त्यातून काढली, परत घातली, परत काढली. शुक्रवारी सरांनी तक्ता उघडला तर एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी जागेवर.

"मॅडम, ही अजून इथेच? आकडा चुकलेला वाटतोय हो."

"चुकलेला नाही, सर. तिथला माल मीच मोजायचे. मागची खोकी मी उघडलीच नव्हती."

सरांनी तक्ता मिटला. मग त्यांनी ड्रॉवरमधून मुदतवाढीचा अर्ज काढून पुढे सरकवला. ताईंनी नाव लिहिलं, तारीख घातली. 'कारण' या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं, मोजायचं राहून गेलं होतं.