रेकॉर्ड रूममधला 'साधारण' माणूस

आमच्या नागपूरच्या कार्यालयात रेकॉर्ड रूम सांभाळणारे एक दफ्तरी होते. कोणतीही जुनी फाईल मागितली की हातातला चहाचा कप खाली न ठेवता ते अलमारी आणि कप्पा सांगायचे. यादी अशी त्यांनी कधी केली नाही. आम्हीही मागितली नाही, कारण विचारलं की मिळत होतं. मी त्यांचा साहेब. त्यांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी मी एकच शेरा मारला: 'साधारण. संगणक येत नाही.' स्मरणशक्तीसाठी त्या नमुन्यात रकानाच नव्हता, एवढं कारण मला पुरत असे.

ते निवृत्त झाले आणि महिनाभरात आमची कामं अडायला लागली. रोज कोणीतरी त्यांच्या नंदनवनच्या घरी फोन लावायचं आणि ते न कुरकुरता सांगायचे. मग त्यांच्याच पेन्शनसाठी लागणारं त्यांचं सेवापुस्तक सापडेना. तीन दिवस सगळी खोली उपसली आणि शेवटी मीच फोन केला.

"साहेब, ते तुमच्याच अलमारीत हाय," ते म्हणाले. "सहीसाठी देल्लं होतं मी तुमाले. दोन वर्षं झाली."