जेवली न्हाय पोरगी

टेपवर नवं गाणं लागलं की आक्काचा भाकरी थापणारा हात थांबायचा. पिठाचे हात परातीवर तसेच धरून ती मान एका बाजूला कलती करायची, दोन कडवी ऐकायची आणि निकाल द्यायची. निकाल दोनच होते. एक, "जेवून गायलीय." दुसरा, "जेवली न्हाय पोरगी." एवढं बोलून झालं की हात पुन्हा चालू. आपलं मत ऐकून समोरच्याला काय वाटलं हे बघायला ती कधी थांबली नाही.

गाण्यातले दर्दी तुम्हीही पाहिले असतील. डोळे मिटून बसतात, मध्येच हात उडवतात, दुसरा कुणी बोलला की त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघतात. आक्का त्यांतली नव्हती. गाणं लावा असं ती सहसा म्हणायची नाही आणि बंद करा असंही नाही. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या कानावर जे पडेल ते ती ऐकायची. पण एकदा कानावर पडलं की त्यावर बोलायचा हक्क आपला आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

बेळगावजवळ पिरनवाडीत तिची खानावळ होती. ऐंशी सालानंतरची वर्षं. शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यांत नोकरीला लागलेली आम्ही पोरं आसपास खोल्या घेऊन राहायचो. मी निपाणीकडचा, लेथवर होतो. खानावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लांबलचक बाकडं, दोन चुली आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. पाटीबिटी काही नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. ताटात दुसरी भाकरी पडेपर्यंत कुणी कारखान्याचं गाऱ्हाणं काढायचं नाही, असा तिथला कायदा होता. कुणी काढलंच तर आक्का म्हणायची, "आधी पोटात जाऊ दे रं. मग घाल सायबाला शिव्या."

टेपरेकॉर्डर मात्र खानावळीचा नव्हता. तो महावीरचा. महावीर चिकोडीकडच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच कारखान्यात स्टोअरला होता आणि माझ्याच खोलीत राहायचा. खोलीत एक बल्ब सोडला तर वीज नव्हती, म्हणून त्यानं टेप आक्काच्या फळीवर आणून ठेवला. रोज संध्याकाळी पाळी सुटली की तो तिथं यायचा, बाकड्याच्या टोकाला बसायचा, आणि जेवायचा मात्र आपल्या डब्यातलं, तेही दिवस बुडायच्या आत. शहापुरातल्या त्याच्या आत्याकडून सकाळच्या सिटी बसनं तो डबा यायचा. संध्याकाळपर्यंत भाकरीचं कातडं झालेलं असायचं. शेजारी आमच्या ताटात वाफेची भाकरी पडायची आणि हा आपला ते कातडं चावत बसायचा. आक्काकडचा चहासुद्धा तो घेत नसे. कारण आम्हाला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि आक्कालाही ठाऊक होतं. घरी कळलं असतं तर त्याला पिरनवाडी सोडावी लागली असती. आक्कानं त्याला कधी आग्रह केला नाही. फक्त रोज त्याच्या भाषेत, कानडीत, विचारायची, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. तो मान खाली घालून म्हणायचा, "आतरी." झालं.

त्या वेळी मुंबईची एक पोरगी भलतीच गाजत होती. वय अठरा-एकोणीस, गाणी नाचाची, मागे नाना तऱ्हेची विजेवरची वाद्यं. आमच्या महावीरला तिचं वेडच लागलं होतं. तिची पहिली कॅसेट त्यानं लावली तेव्हा आक्का दोन कडव्यांऐवजी अख्खं गाणं थांबली. म्हणाली, "जेवून गायलीय. लाव पुन्यांदा." महावीर रात्रभर हवेत होता.

पण म्हणून आक्कानं पोरीला सूट दिली असं नाही. एका गाण्यात आवाज घुमवला होता, तर म्हणाली, "हिला हिरीत कशाला उतरवलीया?" मागून साथ करणाऱ्या मुलींबद्दल म्हणाली, "ह्या रोजंदारीवर आल्यात वाटतं. एकीचं बी ध्यान न्हाय कामात." एका गाण्यात इंग्रजीतलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. "किती डाव सांगती ही. ऐकणारा भैरा हाय व्हय?" महावीरनं एकदा तिला मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं की हा जो ढोल वाजतोय तो माणूस वाजवत नाही, मशीन वाजवतं. आक्का म्हणाली, "म्हंजे त्याच्या जेवणाचा प्रश्नच मिटला." गझला गाणाऱ्या एका बुजुर्गाबद्दल तिचं मत होतं की ह्यो जरा जास्तच जेवलाय. ते मात्र आम्हाला पटलं होतं.

तिची मतं नेहमी बरोबर असायची, असा माझा दावा नाही. तिनं उपाशी ठरवलेली कितीतरी गाणी गावोगावच्या लग्नांत वाजली आणि तिनं पोटभर जेवलेली म्हणून गौरवलेली काही कॅसेटच्या दुकानात धूळ खात पडली. तिला त्याचं सुखदुःख नव्हतं.

मग त्या पोरीची तिसरी कॅसेट आली. मी रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा निपाणी स्टँडजवळच्या दुकानातून ती घेऊन आलो. वर तिचा चंदेरी कपड्यांतला फोटो. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सगळी खानावळ टेपभोवती गोळा झाली. दोन्ही बाजू ऐकून झाल्या. आमचं सगळ्यांचं एकमत झालं की हिनं यापूर्वी असं काही गायलेलंच नाही. महावीरचे डोळे पाणावले होते. तेवढ्यात चुलीकडून आवाज आला.

"जेवली न्हाय पोरगी."

महावीर सहसा चिडायचा नाही, त्या दिवशी चिडला. "आक्का, हातोहात खपतीया ही कॅसेट."

"खपू दे की. मी कुठं खपू नगं म्हंटलं?"

"मग वाईट काय हाय हिच्यात?"

"वाईट कुठं हाय? चाल लई गोड हाय. ओळ संपत आली की पोरगी खाली बसतीया, एवढंच. चढताना जोर करती, उतरताना पाय लटपटतोय तिचा."

"ती स्टाइल हाय तिची."

"असंल बाबा," आक्का म्हणाली, "आमच्यात त्याला भूक म्हंत्यात."

आठवडाभर हे भांडण चाललं. महावीर येताच कॅसेट लावायचा आणि ओळ संपली की विजयी मुद्रेनं आक्काकडे बघायचा. आक्का तवा उतरवत नुसती मान हलवायची. आम्हाला जेवताना करमणूक झाली.

अशातच एक दिवस कर्णा लावलेली रिक्षा पिरनवाडीतून ओरडत गेली. ती पोरगी बेळगावला येणार होती, मैदानावर कार्यक्रम होता. महावीरनं त्याच संध्याकाळी माझं आणि त्याचं तिकीट आणलं. आक्कानं ते तिकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "जाणारच हायसा तर तिला डबा घिऊन जा."

सगळी हसली. आक्का हसली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गेलो तर ती मुगाची डाळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आक्का, एवढ्या मोठ्या गायिकेला जेवायची काय कमी?"

तिनं डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. "माझा बाप जलशात गायचा. गावोगाव चालत जायचं आन रातीला गायचं. मी सगळ्यांत बारकी, मागं झील धरायला. एका गावात जेवण मिळायचं, एका गावात न्हाय. कुठल्या गावात मिळालं न्हाय ते बाप इसरला, मी न्हाय इसरली. उपाशीपोटी वरचा सूर लागतोय रं. खालचा लागत न्हाय." हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. मला मात्र तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही त्या निकालांवर हसत आलो होतो.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मिरचीशिवाय स्वयंपाक केला, कारण गळ्याला मिरची बाधते. मुगाचं वरण, मऊ भात, त्यावर तूप, दोन लहान भाकऱ्या आणि घट्ट दही. महावीर म्हणाला, गोड म्हणून कुंदा देऊ या का थोडा? "कुंदा तिला गावातला परतेक शाना देणार," आक्का म्हणाली. "भात कोण देणार?"

सिटी बसमध्ये डबा महावीरच्या मांडीवर होता. भांडण विसरून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला होता. गायिका कॅम्पातल्या एका हॉटेलात उतरली होती. फाटकाबाहेर ही गर्दी. हारवाले, सह्या घेणारे, छातीवर बिल्ला लावून उगीचच इकडून तिकडे पळणारे. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "काय हाय?" महावीर म्हणाला, "बाईंचा डबा." तो माणूस इतका हसला की त्यानं शेजारच्यालाही बोलावून डबा दाखवला. आम्ही विनवण्या केल्या, ओळखी सांगितल्या, महावीरनं कानडीत सांगितलं, मी मराठीत. काही उपयोग झाला नाही. शेवटी आतून गाडी निघाली. खिडकीत ती दिसली. चांगली गुटगुटीत होती, गालांवर तजेला होता. महावीरनं डबा डोक्यावर उंच धरला आणि घसा फोडून हाक मारली. तिनं गोड हसून हात हलवला, जसा ती सगळ्यांनाच हलवत होती. गाडी निघून गेली.

आम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर येऊन बसलो. घाईत आत्याचा डबा खोलीवरच राहिला होता. महावीर सकाळपासून उपाशी होता, आणि सूर्य बुडाल्यावर तो जेवत नसे. आजीला तसा शब्द दिला होता त्यानं. समोर झाडांमागं ऊन तांबडं व्हायला लागलं होतं. आक्काला काय सांगायचं याची काळजी आम्हा दोघांच्या तोंडावर होती.  

थोड्या वेळानं त्यानं डब्याची कडी काढली.

पहिला घास त्यानं भीतभीत घेतला. पुढचे घास मात्र तसे नव्हते. भात, वरण, दही, दोन्ही भाकऱ्या, सगळं त्यानं संपवलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. मग नळावर जाऊन डबा स्वतः घासला आणि रुमालानं पुसला. कार्यक्रमात ती पोरगी सुंदर गायली. मला तरी तिच्यात काही कमी दिसलं नाही. महावीर प्रत्येक ओळ संपताना पुढं वाकून ऐकत होता. त्याला काय ऐकू आलं ते त्यानं सांगितलं नाही.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. पिरनवाडीत आज कुणाला तिची खानावळ विचारलीत तर सांगता येणार नाही, सगळी घरंच नवी आहेत. महावीरचा नि माझा फोन होतो, आणि नातवंडांची चौकशी संपली की गाडी आक्कावर येतेच. तिची कितीतरी रूपं मला आठवतात. पण सगळ्यांत लख्ख आठवते ती त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

पाळीवर जाण्याआधी आम्ही डबा परत द्यायला गेलो. आक्का वाटच बघत होती.

"डबा दिलासा?"

"न्हाय आक्का," मी म्हटलं. "फाटकातनं आत सोडलंच न्हाय."

तिचा चेहरा उतरला. तिनं डबा घ्यायला हात पुढं केला आणि हातात घेताच तिला कळलं की तो रिकामा आहे. "मग भात कुणाला घातला?"

महावीर जमिनीकडे बघत म्हणाला, "मी जेवलो."

 आक्कानं डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"मीठ बराबर हुतं?"

"हुतं," महावीर म्हणाला. "तिखट न्हवतं."

"तुझ्यासाठी केलंच न्हवतं ते." ती वळली आणि आमच्याकडे पाठ करून उगीचच चूल सारखी करायला लागली.  पाठमोरीच म्हणाली, "आज दिवस बुडायच्या आत ये. तिखट घालते."

त्या दिवशी खानावळीच्या दोन्ही चुली रोजच्यापेक्षा लवकर पेटल्या. महावीर बाकड्याच्या टोकाला न बसता मध्ये बसला. टेपवर तीच नवी कॅसेट चालू होती, पण आक्का गाण्यासाठी थांबली नाही. तिचं लक्ष त्याच्या ताटाकडे होतं. मिरचीनं महावीरच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो जेवत होता. कॅसेटची बाजू संपली, बटण खट्कन वर आलं. ती उलटून लावायला कुणीच उठलं नाही, आणि आक्का त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकत होती.