शेकासाठी वेगळी लाइन

ताई, मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी बाबा निरोप द्यायचं सोडून अंगणातल्या दिव्याचा होल्डर उघडून बसले होते, आठवतं? जन्मभर वायरमनची नोकरी केलेला माणूस. रडू आलं की पक्कड हातात घ्यायचा. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले, तेही दिव्याकडे बघत. साताऱ्यात तेव्हा कडाक्याची थंडी होती. इथं उतरले तेव्हा स्वेटर हातावर होता. तो पुन्हा घातलाच नाही.

चांगी बिझनेस पार्कमधलं ऑफिस, एमआरटीची मेट्रो, मंदारबरोबर थाटलेला फ्लॅट. पहिली चार वर्षं एका लांबलचक दुपारसारखी गेली. मग डिसेंबरच्या ओल्या दिवसांत सई जन्मली आणि आई आली. आल्या आल्या तिनं शेगडी मागितली. अकराव्या मजल्यावर निखारे! मंदार नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा नाही, तर मी आले कशाला?"

मंदारच्या ऑफिसात एकजण कॅनडाहून बदलून आला होता. त्याच्या सामानात भिंतीच्या तळाशी बसवायचा लांबट, बुटका हीटर निघाला. मंदार तो बेडरूमच्या सॉकेटच्या लाइनलाच जोडायला निघाला. व्हिडिओ कॉलवर बाबांनी अडवलं. "जावईबापू, त्या लाइनवर आधी काय काय चालतं ते बघा."

इलेक्ट्रिशियन आले, साठीचे चिनी अंकल. त्यांनी बोर्डातला एक स्विच बंद केला, तर बेडरूमबरोबर फ्रिज आणि मायक्रोवेव्हही गेले. "कॅनॉट लाह. टू मच लोड."

फोनमधून बाबा ओरडले, "तेच म्हणतोय मी!"

मग ते दोघंच बोलत राहिले, एकमेकांची भाषा न येता: अँपिअर, एमएम, एमसीबी. अंकलनी मेन बोर्डापासून हीटरपर्यंत जाड वायरची वेगळी लाइन ओढली, तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, दिला. बाबांनी एकेक जोड कॅमेऱ्यातून तपासला. जाताना अंकल आईकडे बघून हसले. "माय मदर, सेम सेम."

बाहेर पाऊस, आत ती मंद ऊब. आई हाताचा तळवा शेकून सईच्या पोटावर ठेवायची. डोळे मिटले की मी कुठल्या गावात आहे, कळायचं नाही.

सव्वा महिन्यानं आई परत गेली. तू दर फोनला विचारतेस, "आता घर कशाला म्हणतेस?" मला नीट सांगता येत नाही. एवढं मात्र झालं.

पुढच्या डिसेंबरात अंकलचा फोन आला. सून बाळंत झाली होती. हीटर मिळेल का? मी आईला विचारलं. "विचारतेस काय? दे. आणि तळवा आधी स्वतःच्या गालाला लावून बघायला सांग."

मी हीटर घेऊन पोचले, तर अंकलनी आपल्या घरी वेगळी लाइन टाकूनच ठेवली होती. त्यांच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं. मी खाली बसले, तळवा शेकला, गालाला लावला, मग बाळाच्या पोटावर ठेवला. त्यांनीही तसंच केलं. बाळानं एक जांभई दिली आणि ते झोपलं. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो, किती वेळ कोण जाणे.

मंदारचा फोन आला. "कुठे आहेस गं?"

"घरी," मी म्हणाले.