उदबत्तीचा धूर

रॉटरडॅममधलं आमचं घर शंभरीतलं. हीटर कितीही वाढवा, ऊब टिकत नाही. खिडक्या बदलायला नगरपालिका अनुदान देते, पण चांगली नोकरी असताना हात कशाला पसरायचे, म्हणून मी अर्ज कपाटात टाकला.

मग हिने परस्पर नगरपालिकेचे एक म्हातारे स्वयंसेवक घरात वारा कुठून शिरतो ते तपासायला बोलावले. त्यांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली आणि ओवाळल्यासारखी प्रत्येक खिडकीपाशी फिरवली. धूर वाकला की खडूने खूण करायचे.

मी विचारलं, "तुम्ही घेतलंत का अनुदान?"

"नाही. आम्ही मागणाऱ्यांतले नव्हतो," ते धुराकडे बघत म्हणाले. "माझी बायको शेवटपर्यंत घरात कोट घालून बसायची."

मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या अंगावर दोन स्वेटर होते.