अडलेला धवला आणि हॉलमधला कॉम्प्युटर

अन्याय माझ्या आईवर झाला. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, घणसोली गावातल्या आमच्याच घरात. वडिलांनी तिच्या हातातला माऊस काढून घेतला आणि म्हणाले, "तुना नाय जमनार. बिघरंल काहीतरी." दोन साक्षीदार सोफ्यावर चहा पीत होते. दोघांपैकी एकानेही निषेध नोंदवला नाही.

त्या माऊसची हकीकत अशी. कॉलेजसाठी घेतलेला माझा कॉम्प्युटर लॅपटॉप आल्यावर अडगळ झाला. टाकायचा कशाला, म्हणून मीच तो टीव्हीखालच्या कपाटात बसवला, केबलने टीव्हीला जोडला, जुने स्पीकर लावले. पिक्चर, गाणी, लग्नांचे फोटो, माझा फोन भरला की त्यातले व्हिडिओ, सगळं मोठ्या पडद्यावर. ही घरातली सार्वजनिक मालमत्ता आहे, असं मी जाहीर केलं. कोणी विरोध केला नाही. आठवड्याभरात कब्जा मात्र झाला.

सोफ्याच्या कापडावर माऊस चालेना, म्हणून वडिलांनी आईचा पोळपाट मांडीवर घेतला. आमच्यात तांदळाच्या भाकऱ्या, त्या हाताने थापायच्या, तेव्हा पोळपाट तसा रिकामाच असतो. तरी विचारायचं की नाही? रोज संध्याकाळी वडील आणि त्यांचे दोन मित्र परदेशी माणसांचे मासे पकडण्याचे व्हिडिओ बघत. तिघांनीही तरुणपणी खाडीत जाळी टाकलेली, पुढे महाप्याच्या कंपन्यांत नोकऱ्या करून रिटायर झालेले. आता गोऱ्यांना शिकवणं हेच काम. "आरं असा काय खेचतंय? जाला फाटंल ना!" आणि तो गोरा हातभर मासा धरून, फोटो काढून, परत पाण्यात सोडायचा, तेव्हा हॉलमध्ये सुतक पडायचं. "सोरला! परत सोरला मेल्यानं!"

आई धवलारीण आहे. आमच्या लग्नांत मांडव घालण्यापासून प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिने धवला म्हटल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. पुढच्या रविवारी एक हळद होती आणि हळदीच्याच धवल्यातली एक ओळ आईला आठवेना. जिच्याकडून ती शिकली, ती म्हातारी पावसाळ्याआधी गेली. लिहिलेलं कुठे काही नाही. होता तो एक व्हिडिओ, म्हातारी गात असताना मी काढलेला, त्या कॉम्प्युटरमध्ये.

हे मला शनिवारी माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही. अन्याय दिसला की मी आधी लिहिते.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी मी पडद्यावर पत्रक लावलं. कॉम्प्युटर सुरू केला की आधी तेच दिसणार, लाल अक्षरांत, भिंतभर: "हॉल कोणाचा? माऊस कोणाच्या बापाचा?" संध्याकाळी तिघं बसले. वडिलांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

"तुझ्याच बापाचा ना, पोरी!" त्यांचे एक मित्र म्हणाले. तिघं पोट धरून हसले आणि नॉर्वेच्या समुद्रात निघून गेले.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आई पीठ मळत होती. "तुना कोनी सांगितला लिवाला?"

"तुझ्याच बाजूने लिहिलंय."

"मना काय पायजे, ता इचारलास का?"

मग तिने त्या ओळीचं सांगितलं. सांगता सांगता बहुधा तिला माझाही राग आला, कारण पिठाचे हात पुसून ती सरळ हॉलमध्ये गेली आणि टीव्हीपुढे उभी राहिली. मासा तिच्या पाठीमागे.

"भावोजी," ती वडिलांच्या त्याच हसऱ्या मित्राला म्हणाली, "येत्या रविवारी हलद कोनाची हाय?"

"माझ्या पोराची. आसं काय करता वहिनी?"

"लगीन हाय ध्यानान. धवलाच गेलाय डोक्यातना. तो हाय या डब्यान. पन तुमी बगा मासं. पोराला हलद पुढल्या वरसाला लावू."

काकांनी कप खाली ठेवला. "आरं दे तिला! पत्रिका वाटून झाल्या माझ्या!" आणि वडिलांच्या मांडीवरून पोळपाट माऊससकट उचलून त्यांनी तो दोन्ही हातांनी, ताट द्यावं तसा, आईपुढे धरला. चार वर्षं मी मोर्च्यांत ओरडते आहे, इतक्या लवकर माझी एकही मागणी मान्य झालेली नाही.

आईने दाबलं ते पहिलं भलतंच उघडलं. आरशापुढे भाषणाची तालीम करणारी मी, "बंधू-भगिनींनो" चार वेळा, दर वेळी वेगळा हात वर. काकांनी ते पुन्हा लावायची मागणी केली. मग म्हातारी आली. जमिनीवर बसलेली, डोळे मिटलेले, आवाज पातळ पण सुरात पक्का. आई हलक्या आवाजात तिच्यासोबत गायला लागली. ती ओळ जवळ आली.

"आजी, एक मिनिट! याचा अर्थ काय?"

हा आवाज माझा. फोन माझ्या हातात, त्यामुळे माईक माझ्याच तोंडाशी. म्हातारी थांबली नाही, गात राहिली, पण ओळ माझ्याखाली गाडली गेली. चौघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याविरुद्ध कोणीतरी घोषणा द्यायला हव्या होत्या.

वडील पुढे सरकले. मला वाटलं, माऊस पुन्हा जाणार. पण त्यांनी नुसतं बोट दाखवलं. "हितं दाब. आर्धा कर वेग." गळ कसा बसतो ते बघायला हे त्यांना रोज लागायचं. अर्ध्या वेगात मी रेड्यासारखी रेकले.

"ही आपली पोरगी?" वडील म्हणाले.

"ऐकू द्या ना वो!" आई ओरडली.

रेड्याखालून म्हातारीचा आवाज वर येत होता. मागे, पुन्हा, मागे, पुन्हा. भाकऱ्या राहिल्या, चहा गार झाला. ओळ सापडली, एक शब्द सोडून. तो नेमका माझ्या "अर्थ" खाली होता आणि काही केल्या निघाला नाही.

पुढच्या रविवारी काकांच्या पोराला हळद लागली. आईने त्या जागी स्वतःचा शब्द घातला आणि न अडखळता गायली. मांडवात कोणाला कळलं नाही. शब्द चांगला आहे. पण म्हातारीचा तो नाही, आणि तो पुसला मी.

तेव्हा ही विनंती नाही, मागणी आहे. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात अशी गाणारी कोणी म्हातारी असेल, तर या आठवड्यात तिच्यापुढे फोन घेऊन बसा. तिला काय गायचंय ते आधी विचारा. रेकॉर्डिंग सुरू झालं की तोंड बंद ठेवा. अर्थ नंतर विचारा.