फळ्या बरोबर भरल्या होत्या

सोलची गावच्या बंधाऱ्यावर ओकगुम येऊन उभी राहिली की बाया एकमेकींना कोपर मारतात. "आलं बाई शिरगणतीचं खातं!" ओकगुम एकाहत्तर वर्षांची आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणाच्या चिखलात खुबे, म्हणजे शिंपले, काढायला उतरणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्याला ती बोट लावून मोजते आणि परत आल्यावर पुन्हा बोट लावते. हसणाऱ्या बायाही डोकं मात्र निमूट पुढे करतात.

पूर्वी फळ्या मोजायची रीत होती. तिथल्या चिखलात पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो. म्हणून एक गुडघा फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत घसरत जायचं. जितक्या फळ्या तितक्या बाया, असा सरळ हिशोब.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी एकोणीस फळ्या गेल्या आणि धुक्यातून एकोणीस परत आल्या. धुक्यात वाट कळावी म्हणून बंधाऱ्यावर वाजणारी काशाची थाळी थांबली. सगळ्या घरी गेल्या. ओकगुमने भात वाढायला दोन वाडगे मांडले, आणि दुसरा वाडगा तसाच टाकून ती बंधाऱ्याकडे धावली. धाकट्या बहिणीची, कुतसुनची फळी तिने स्वतःच दोरीने मागे बांधून आणली होती.

"अक्का, पाय भरून आला गं माझा," कुतसुन म्हणाली होती. "तू फळी ने पुढे. मी वाळूच्या पट्ट्यावरून चालत येते."

फळ्या बरोबर भरल्या होत्या, म्हणून कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मुली पुरे झाल्या म्हणून बापाने कुतसुनचं नाव 'शेवटची' अशा अर्थाचं ठेवलं होतं. ती सापडली नाही. गावाने देवऋषीण आणली. तिने वाडगाभर भात पांढऱ्या कापडात बांधून वाळूच्या पट्ट्यालगतच्या घळीत सोडला. बुडालेल्याचा जीव वर आला, तर भातात त्याचा केस सापडतो, असं मानतात. तीनदा वाडगा सोडला आणि तिन्ही वेळा भात नुसता ओला झाला. तेव्हापासून त्या घळीत कुणी उतरलं नाही, एक खुबा काढला नाही. भरती चढताना तिथून टाच फळीवर आपटावी तसा आवाज येतो, टक, टक. शिंपले तोंड मिटतात म्हणे.

यंदाच्या वसंतात मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष प्यो तिच्या पडवीत येऊन बसला. "अक्का, बाकीचं खाजण रिकामं झालं. घळ उघडायची म्हणतो. यंत्राची होडी सांगून ठेवलीय. शनिवारी सभेत हात वर होतील."

"तिथे माझी बहीण आहे."

"आहे ना. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पण मेलेल्यांना जागा आणि जित्यांना उपास, हे कसं चालेल?"

त्यानंतर ओकगुमने डोळे मिटले की यंत्राचे लोखंडी दात दिसायचे, चिखल उपसणारे, आणि त्या चिखलात जे काही असेल ते.

दोन दिवसांनी शाळेतल्या सहा मुली दारात आल्या. खाजण राखायचा त्यांचा गट होता. पुढे गा-उन नावाची काटकुळी पोरगी. "आजी, घळीत खुब्यांचं बी, बारकी पिल्लं, असलं तर यंत्र थांबवता येईल. पण मोजून दाखवायला हवं. तिकडे कसं जायचं ते तुम्हालाच माहीत आहे म्हणतात."

"तुम्हाला खुबे बघायचेत की भूत?"

"दोन्ही असलं तर दोन्ही मोजू," गा-उन म्हणाली. मग जीभ चावून खाली बघायला लागली.

ओकगुम उठून कोपऱ्यातली फळी झटकू लागली. कुतसुनही अशीच फटकन बोलायची.

शुक्रवारी ओहोटीला सात फळ्या निघाल्या. निघण्याआधी ओकगुमने कागदाच्या पुडीत मूठभर तांदूळ बांधून समुद्रदेवाला वाहिले आणि हात जोडले. घळीच्या काठावर तिने आधी स्वतः हात घातला. कोपरापर्यंत गार चिखल. मूठ उघडली तर तळव्यावर तांदळाच्या कण्यांसारखं बी, जिवंत, बारीक बारीक तोंडं उघडणारं. मुली तारेची चौकट टाकून मोजू लागल्या. "एका चौकटीत तीनशे बारा!" गा-उन ओरडली. "आजी, सगळ्या खाजणाचं बी इथूनच जात असणार!"

तेवढ्यात धुकं आलं. बंधारा दिसेना, मग पुढची फळीही दिसेना.

"मोजमाप बंद! नावं घेईन, ओ द्या. ओ देताना थांबू नका, पाय मारत राहा."

परतीची सगळी वाट ओकगुम नावं घेत राहिली. नाव, ओ. नाव, ओ. बंधाऱ्याचे दगड फळीला लागले तेव्हा तिने प्रत्येकीच्या डोक्याला बोट लावलं. सहा. तिचा जीव भांड्यात पडला.

"आजी," गा-उन धापा टाकत म्हणाली, "कुतसुन कोण?"

"का?"

"दर फेरीत शेवटी तुम्ही तेच नाव घेत होतात."

ओकगुमला काहीच आठवत नव्हतं. "मग ओ कुणी दिली?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. "आम्हाला वाटलं मागे आहे कुणीतरी," गा-उन हळूच म्हणाली. "दर वेळी 'आले गं' म्हणायची."

शनिवारी सभेत मुलींनी आकडे वाचले. प्यो म्हणाला, "बी आहे, कबूल. पण राखायचं कुणी?" तेव्हा ओकगुम उठली.

"त्या दिवशी मी फळ्या मोजल्या," ती म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. "फळ्या भरल्या म्हणून मी घरी जाऊन भात शिजवला. आज तुम्हीही होड्या आणि पोती मोजताय. घळीत काय उरलंय ते बघितलं ते या पोरींनी. माझी बहीण तुमचं खाजण पिकवत होती इतकी वर्षं. तिला उपसू नका."

प्योने हातातली टोपी दोनदा फिरवली. "कोण राखणार, ते सांगा."

"आम्ही," गा-उन म्हणाली. "दर वसंतात मोजू."

हात वर झाले ते घळ बंद ठेवायला. सगळ्यात शेवटी प्योचाही.

आता मुली बी मोजून परत फिरतात तेव्हा ओकगुम बंधाऱ्यावरून नावं घेते. सगळ्यांची झाली की आणखी एक नाव घेते, ठरवून, मोठ्याने. मुली फळ्यांवर गुडघे टेकून कान देऊन थांबतात. घळीकडून टक, टक ऐकू आलं की मगच त्या पाय मारतात.